ऐंशी खोल्यांचा करार



मागील महिन्यात याच पानावर मुदत ठेवीच्या नामनिर्देशनाविषयी लिहिले होते. त्या लेखावर बरेच दूरध्वनी आले. त्यांतील एक मात्र वेगळ्याच विषयाचा निघाला. जयसिंगपूरचा एक तरुण व्यापारी बोलत होता. वडील गेल्यापासून दुकान तोच पाहतो.

“काका, अधिवेशनाचे परिपत्रक मिळाले. खोलीसाठी दीड हजार रुपये आगाऊ मागितले आहेत. मी आताच मोबाइलवर पाहिले, तर त्याच हॉटेलात खोली आपल्या दरापेक्षा शंभर रुपयांनी स्वस्त दिसते. मग समूहात नाव घालून माझा फायदा काय?”

व्यापाऱ्याच्या मुलाने हा प्रश्न विचारला नसता तरच मला नवल वाटले असते. त्याला दोन वाक्यांत उत्तर देता आले नाही, म्हणून “लेखच लिहितो” असे म्हणून मी फोन ठेवला. खरे सांगायचे तर या प्रश्नाचे उत्तर देण्याचे मी तीन वर्षे टाळत आलो आहे. कारण त्यात माझ्या एका सहीची गोष्ट येते.

अधिवेशने आपल्याला नवी नाहीत. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ साली निपाणीजवळच्या स्तवनिधी क्षेत्रावर झाली. श्वेतांबर कॉन्फरन्सचे पहिले अधिवेशन १९०२ साली राजस्थानातील फलोदी तीर्थावर भरले. त्या काळी ‘उतरायचे कोठे’ हा प्रश्न पडत नसे. क्षेत्रावर धर्मशाळा असे, गावात साधर्मिकाचा वाडा असे, सुटीत रिकामे झालेले बोर्डिंग असे. वळकटी घेऊन जायचे आणि पंगतीत बसायचे. आज तसे होत नाही, आणि त्यासाठी कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. धर्मशाळा तीर्थावर आहेत आणि अधिवेशनाला लागणारी मोठी सभागृहे शहरात आहेत. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना उद्वाहन हवे, कमोड हवा. लहान मूल असलेल्या सुनेला खोलीला जोडून स्नानगृह हवे. या मागण्या चैनीच्या नव्हेत. त्यामुळे हॉटेल आले. प्रश्न एवढाच उरला की ते ज्याने त्याने घ्यायचे की सर्वांनी मिळून.

ज्याने त्याने घेतले तर काय होते, हे आम्ही पुण्याच्या अधिवेशनात पाहिले. समितीने सभागृह घेतले, भोजनाची व्यवस्था केली आणि मुक्कामाची सोय ‘प्रतिनिधींनी आपापली करावी’ असे परिपत्रकात छापून मोकळी झाली. लोक नऊ हॉटेलांत विखुरले. कोणी स्टेशनजवळ, कोणी स्वारगेटला, तर कोणी पार हिंजवडीत. तीन बस ठेवल्या, तरी सकाळच्या सत्राला निम्मी मंडळी उशिरा आली.

त्या वेळची एक गोष्ट मनातून जात नाही. लातूरकडच्या एक वृद्ध श्राविका नातवाबरोबर आल्या होत्या. चाळीस वर्षांचा चौविहार. गाडीला उशीर झाला आणि त्या हॉटेलात पोहोचल्या तेव्हा पाच वाजून गेले होते. सभागृह शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे जाईपर्यंत सूर्यास्त होणार हे उघड होते. नातवाने हॉटेलच्या उपाहारगृहात विचारले, तर स्वयंपाकघर साडेसातला सुरू होते असे उत्तर मिळाले. चहा-बिस्किटे तेवढी मिळतील. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. आजींनी पेलाभर गरम पाणी घेतले आणि पच्चक्खाण करून त्या माळ घेऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी नातू आमच्यावर संतापला, आणि त्याचा संताप योग्य होता. आजी मात्र त्याला म्हणाल्या, “चौविहार मोडला नाही रे, जेवण चुकलं इतकंच.”

हॉटेलवाल्याची त्यात चूक नव्हती. एका खोलीच्या एका पाहुण्यासाठी दोन तास आधी भट्टी पेटवणे त्याला परवडत नाही. पन्नास खोल्यांसाठी परवडते. माझ्या मते सामुदायिक नोंदणीचा पहिला लाभ हा आहे, आणि तो दरपत्रकात कोठेही दिसत नाही.

आता दराकडे वळू, कारण वाचक व्यापारी आहेत. घाऊक खरेदीला भाव कमी का मिळतो हे आपल्याला शिकवावे लागत नाही. हॉटेलच्या खोलीत आणखी एक गोष्ट आहे. तिचा माल भाजीपेक्षाही नाशवंत. कोथिंबिरीची न विकलेली जुडी दुसऱ्या दिवशी निम्म्या भावाने तरी जाते. आजची रिकामी रात्र उद्या कोणत्याच भावाने विकता येत नाही. म्हणून चार महिने आधी कोणी ऐंशी खोल्यांची हमी देत असेल तर हॉटेलवाला आनंदाने भाव उतरवतो. तो आपल्यावर उपकार करत नाही. आपली अनिश्चितता तो आपल्याच गळ्यात घालतो आणि त्याचा मोबदला म्हणून सूट देतो. हे वाक्य मी आज सहज लिहितो आहे. तीन वर्षांपूर्वी मला ते पुरते उमगले नव्हते.

तारखेचाही भाव असतो. लग्नसराईच्या मुहूर्तावर हॉटेल सुई टोचू देत नाही. औद्योगिक वसाहतीजवळच्या हॉटेलांत शनिवार-रविवारी शुकशुकाट असतो, तर पर्यटनाच्या गावी नेमके तेच दोन दिवस गर्दीचे. समितीने आधी तारीख ठरवून मग हॉटेल शोधणे म्हणजे गरज सांगून भाव विचारणे. दोन-तीन तारखा हाती ठेवून बोलणी केली तर तेच हॉटेल वेगळ्या सुरात बोलते.

पुण्याचा अनुभव घेऊन पुढचे अधिवेशन छत्रपती संभाजीनगरला घेतले, तेव्हा कोषाध्यक्षपद माझ्याकडे होते. तालुकानिहाय बैठका झाल्या. “किती खोल्या लागतील?” असे विचारले की हात वर होत, व्हॉट्सॲपवर नावे येत. बेरीज ब्याऐंशीपर्यंत गेली. मी ऐंशी खोल्यांचा दोन रात्रींचा करार केला. मोबाइलवर त्या दिवशी त्याच खोलीचा भाव ३,२०० रुपये होता. आम्हांला न्याहारीसह २,६०० रुपयांना मिळाली. समितीच्या बैठकीत टाळ्या वाजल्या.

त्या अधिवेशनात जे साधले ते आधी सांगतो. सायंकाळचे भोजन पावणेपाचला सुरू झाले आणि सूर्यास्तापूर्वी पंगत उठली. नवकारशीवाल्यांची न्याहारी वेगळ्या वेळी, म्हणजे सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे धरून, पावणेआठनंतर ठेवली. उकळलेले पाणी दोन मोठ्या पिंपांत, कधी उकळले त्या वेळेची चिठ्ठी लावून. हिवाळ्यात त्याची मर्यादा चार प्रहर, एवढे हॉटेलच्या मुदपाकखान्याला समजावून सांगितले की तेही काटेकोर पाळतात, असा माझा अनुभव आहे. हॉटेलवाल्यांच्या लेखी ‘जैन’ म्हणजे बहुधा कांदा-लसूण वगळलेले. बटाटा, गाजर, आले यांना ते मोकळीक देतात. शिवाय त्यांची भाजीची ओली ग्रेव्ही सकाळीच कांदा घालून तयार असते. आम्ही करारातच कंदमुळांची नावे लिहिली, वेगळी भांडी मागितली आणि आपल्या महाराजांना मुदपाकखान्यात उभे राहण्याची परवानगी घेतली. एकेकट्या पाहुण्याला ही परवानगी कोणते हॉटेल देईल? खोल्यांतल्या छोट्या फ्रिजमधील बाटल्या आधीच काढून घेतल्या गेल्या. रात्री प्रतिक्रमणासाठी तळघरातील सभाकक्ष विनामूल्य मिळाला.

लहानसहान गोष्टी तर कितीतरी. दोन वेगवेगळ्या गावांच्या दोन विधवा भगिनींनी मिळून एक खोली घेतली. एकटीने हॉटेलात उतरायचे या कल्पनेनेच त्यांतली एक येणार नव्हती. वीस खोल्यांमागे एक खोली मोफत असे ठरले होते. त्या हिशेबाने दोन मिळाल्या, त्यांत पाठशाळेच्या शिक्षिका आणि महाराजांची मंडळी उतरली. रात्री वऱ्हांड्यात वधू-वरांच्या आयांची बोलणी अकरापर्यंत चालली. सोमवारी सकाळी दोन बस भरून मंडळी वेरूळला गेली आणि बत्तिसाव्या लेण्यात, इंद्रसभेत, लहान मुलांनी तीर्थंकरांच्या मूर्ती पाहिल्या. वेरूळ मंगळवारी बंद असते आणि अजिंठा सोमवारी. सहल आखणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता खर्चाची बाजू.

ऐंशीपैकी प्रत्यक्षात एक्कावन्न खोल्या भरल्या. करारात अट होती की निदान ८० टक्के, म्हणजे चौसष्ट खोल्यांचे पैसे समितीने द्यायचेच. हॉटेलवाले तिला ॲट्रिशनची अट म्हणतात. मी ती वाचली होती, पण वर केलेल्या हातांवर माझा विश्वास होता. तेरा खोल्या कमी पडल्या. तेरा खोल्या, दोन रात्री, २,६०० रुपये. झाले ६७,६०० रुपये. न वापरलेल्या खोलीबद्दल घेतलेल्या रकमेवरही खोलीच्याच दराने वस्तू व सेवा कर लागतो. तेव्हा तो १२ टक्के होता, म्हणजे ८,११२ रुपये. एकूण ७५,७१२.

रविवारी रात्री व्यवस्थापकाने अत्यंत नम्रपणे बिल पुढे केले आणि त्याखाली करार ठेवला. सही माझी होती. दुसऱ्यांच्या करारांतील बारीक अक्षरे वाचण्यासाठी बँकेने मला चौतीस वर्षे पगार दिला, आणि समाजाच्या करारात मी असा सापडलो.

न आलेल्या एकोणतीस खोल्यांचा शोध मी नंतर घेतला. तेरा कुटुंबे नातेवाइकांकडे उतरली किंवा आलीच नाहीत. नऊ कुटुंबांनी स्टेशनजवळ स्वस्त लॉज पाहिले. राहिलेली सात कुटुंबे आमच्याच हॉटेलात होती! शेवटच्या आठवड्यात मोबाइलवर भाव २,४५० झाला, तेव्हा त्यांनी समितीला न कळवता परस्पर खोल्या घेतल्या. न्याहारी त्यात नव्हती आणि रद्द केल्यास पैसे परत नव्हते, पण दीडशे रुपये वाचत होते. त्यांच्या खोल्या आमच्या संख्येत धरल्या गेल्या नाहीत. हॉटेलला त्यांचेही पैसे मिळाले आणि आमचेही.

हिशेब मांडून पाहा. सात खोल्या, दोन रात्री, दीडशे रुपये. सातही कुटुंबांची मिळून बचत २,१०० रुपये. त्याच सात खोल्या संख्येत धरल्या गेल्या असत्या तर समितीचे ४०,७६८ रुपये वाचले असते. त्या सात जणांतील एकानेही हे जाणूनबुजून केले नाही, याची मला खात्री आहे. दोघे तर आमचे देणगीदार आहेत. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, आणि सांगण्याचे काम माझे होते.

पैसे कोठून द्यायचे यावर कार्यकारिणीची बैठक रात्री साडेदहाला हॉटेलच्या जिन्याखाली झाली. समितीपाशी रक्कम होती ती विद्यार्थी निधीची. जूनमध्ये शिष्यवृत्त्या वाटायच्या होत्या. “तूर्त त्यातून द्या, मागाहून भरू,” अशी एक सूचना आली. मी नकार दिला. एका कामासाठी घेतलेले दान दुसऱ्या कामाला लावले की ते मागाहून भरले जात नाही, हे मी बँकेत अनेक संस्थांच्या खात्यांवर पाहिले आहे. आम्ही अकरा जणांनी प्रत्येकी ६,८८३ रुपये घातले. एक रुपया जास्त जमला, तो भांडारात टाकला.

ज्या एक्कावन्न खोल्यांत आपली मंडळी सुखाने राहिली, त्यांचे मूळ भावाच्या मानाने ६१,२०० रुपये वाचले होते. लाभ घराघरांत गेला आणि तोटा अकरा जणांवर आला. म्हणून जेव्हा कोणी मला विचारतो की समूहनोंदणीत फायदा आहे का, तेव्हा मी आधी विचारतो, फायदा कोणाचा आणि जोखीम कोणाची?

या अनुभवानंतर आम्ही करार लिहिण्याची पद्धत बदलली. इतर गावांच्या मंडळांना उपयोग व्हावा म्हणून सांगतो. हात वर करणे बंद. दीड हजार रुपये आले की नाव यादीत. पैसे नाहीत तर खोली नाही, मग ते अध्यक्षांचे व्याही का असेनात. ठरलेल्या तारखेपर्यंत रक्कम पूर्ण परत मिळते. त्यानंतर परत मिळत नाही, पण नाव बदलता येते. काका येऊ शकले नाहीत तर पुतण्या येईल. हॉटेललाही आम्ही आता आशेचा आकडा देत नाही. पंचेचाळीस खोल्यांची हमी द्यायची आणि आणखी वीस खोल्यांवर महिनाभर आधीपर्यंत पहिला हक्क आपला ठेवायचा. हमीच्या आकड्यातूनही साठ दिवस आधी वीस टक्के आणि तीस दिवस आधी दहा टक्के खोल्या विनाशुल्क सोडण्याची मुभा मागायची. मागितली तर मिळते. न मागता ती कोणी छापून देत नाही.

दोन वाक्ये तर मी स्वतःच्या हाताने लिहितो. पहिले असे, की अधिवेशनासाठी आलेला प्रतिनिधी कोणत्याही मार्गाने खोली घेवो, ती समितीच्या संख्येत धरली जाईल. दुसरे, त्या तारखांना हॉटेलने याहून कमी दर जाहीर केला तर समितीलाही तोच दर लागू होईल. पहिल्या वाक्याची किंमत मला रुपयांत माहीत आहे.

ज्या मंडळांना हमी घेण्याचे बळ नाही, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. हॉटेल ठरावीक तारखेपर्यंत काही खोल्या नुसत्या राखून ठेवते आणि एक सांकेतिक शब्द देते. प्रतिनिधी तो वापरून स्वतःच पैसे भरतो, आणि तारीख उलटली की उरलेल्या खोल्या हॉटेल परत घेते. यात सूट थोडी कमी मिळते, पण समितीच्या गळ्याशी काही येत नाही. परदेशातील आपल्या बांधवांना तर हॉटेलावाचून गत्यंतरच नाही. अमेरिका-कॅनडातील जैन संघांचा ‘जैना’ हा महासंघ १९८१ साली स्थापन झाला. त्याचे अधिवेशन दर दोन वर्षांनी भरते, आणि २०२५ सालचे शिकागोजवळ शॉमबर्गला जुलैत झाले. तिथे वळकटी घेऊन उतरायला ना वाडा, ना बोर्डिंग. आपल्याकडे अजून तीर्थावरची धर्मशाळा आहे. लहान मेळाव्यांनी तिचाच विचार आधी करावा, असे मी सुचवीन. संभाजीनगरच्या वेळी आमच्या युवा मंडळाची तीस मुले कचनेरच्या क्षेत्रावर राहिली असती तर त्यांना अधिक आनंद झाला असता, असे आता वाटते.

करांविषयी थोडे, कारण त्याबद्दल दर वेळी वाद होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर कर ५ टक्के झाला आहे. त्यावरील खोलीवर तो १८ टक्के आहे. भोजनाच्या बाबतीत एक खोच आहे. ज्या हॉटेलने मागील आर्थिक वर्षात एखादी खोली ७,५०० रुपयांहून अधिक दराने दिली असेल, तेथील उपाहारगृहाच्या बिलावर १८ टक्के कर लागतो; इतरत्र ५ टक्के. तुमची खोली तीन हजारांची असली तरी ताटाचा कर हॉटेलच्या सर्वांत महागड्या खोलीवरून ठरतो. चारशे माणसांच्या दोन दिवसांच्या भोजनात हा फरक डोळ्यांत भरण्याइतका होतो. तेव्हा चकचकीत प्रवेशद्वार पाहून भाळू नये.

काही व्यापारी बंधू खोलीच्या बिलावर आपल्या पेढीचा जीएसटी क्रमांक टाकण्याचा आग्रह धरतात. समाजाच्या अधिवेशनाला जाणे हा धंद्याचा खर्च नव्हे, हे त्यांना नम्रपणे सांगावे लागते. व्यापारी परिषदेची गोष्ट वेगळी. पण तीही बेळगावला भरली, तर तेथील हॉटेल केंद्राचा आणि कर्नाटकाचा कर लावील, आणि महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या पेढीला त्याची वजावट मिळणार नाही. खोलीचा कर खोली जिथे आहे त्या राज्याचा.

आणि रोख रक्कम. एका व्यक्तीकडून एकाच प्रसंगासाठी दोन लाख रुपये वा अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. चार दिवस चार पावत्या फाडून दिले तरी प्रसंग एकच धरला जातो, आणि दंड जितकी रोख घेतली तितकाच होऊ शकतो. दंड घेणाऱ्याला होतो हे खरे. पण हॉटेलला अडचणीत आणून मग त्याच्याकडून सवलती मागणे शोभत नाही. समितीने खोल्यांचे पैसे वेगळ्या खात्यात, बँकेमार्फत घ्यावेत आणि बँकेमार्फतच द्यावेत. हिशेब सभेपुढे ठेवताना कोषाध्यक्षाची झोपही चांगली लागते.

बोलणी करताना विसरल्या जाणाऱ्या काही बाबी राहिल्या. हॉटेलात खोली दुपारी दोनला मिळते आणि आपली गाडी सकाळी सहाला पोहोचते. आठ-दहा खोल्या सकाळपासून मागून घ्याव्यात, म्हणजे स्नान करून पूजेला जाता येते. वाहनचालकांची सोय विचारावी. आपण मऊ गादीवर आणि रात्रभर गाडी चालवून आलेला चालक गाडीत, हे अहिंसेची चर्चा ऐकायला आलेल्यांना बरे दिसत नाही. तळमजल्याच्या खोल्या किती, हे आकड्यात लिहून घ्यावे.

जयसिंगपूरच्या त्या तरुणाला लेखाचा कच्चा मसुदा मी आधी पाठवला होता, कारण गोष्ट त्याच्या प्रश्नावरून निघाली होती. त्याच्या शंभर रुपयांचे काय, याचे माझे उत्तर असे की ते शंभर रुपये त्याचे खरोखरच जातात. मी ते नाकारत नाही. त्याबदल्यात पावणेपाचचे ताट, उकळलेले पाणी आणि आपल्या माणसांचा मजला मिळतो. ज्याला यांपैकी काही नको असेल, त्याने मोबाइलवरून खुशाल खोली घ्यावी. फक्त समितीला तसे कळवावे, म्हणजे ती आमच्या संख्येत मोजून घेता येईल.

दोन दिवसांनी त्याचे तीन हजार रुपये आले, दोन खोल्यांचे. पावती क्रमांक १७. शेऱ्यात लिहिले होते, ‘आईसाठी तळमजला.’ यादीत तशी नोंद केली आहे. करारात तळमजल्याच्या सहाच खोल्या आहेत. आता दोन उरल्या आहेत.